अंगावरून पांढरं जाणं, खाज आणि मेडिकलची ट्यूब : वहिनीला डॉक्टरकडे कसं न्यायचं?

तापीकाठची | 2 मे, रात्री 11:52

आखाजीला माहेरी आलेय, चोपड्याच्या अलीकडचं गाव. उकाडा असा की सगळे गच्चीवर झोपतात. परवा रात्री बघितलं तर वहिनी तीन वेळा उठून खाली मोरीत गेली, गार पाणी ओतल्याचा आवाज, परत वर, परत तेच. सकाळी भाकरी थापताना विचारलं तर "काही नाही हो ताई, उष्णता झालीये". मग दुपारी खोदून खोदून विचारल्यावर बाहेर आलं. आठ महिने झाले. खाली भयंकर खाज, अंगावरून पांढरं जातं, दह्याच्या कवड्यांसारखं, लघवीला आग, कातडी सोलल्यासारखी लाल.

आतापर्यंतचा उपचार काय तर मेडिकलमधून ट्यूब. नाव लिहिलेली चिठ्ठी चार घड्या घालून दहा वर्षांच्या पोराच्या हातात द्यायची, मेडिकलवाला पेपरात गुंडाळून ट्यूब देतो. तीन ट्यूबा संपल्या. लावली की चार दिवस बरं, सोडली की आधीपेक्षा जास्त. शिवाय रोज रात्री बादलीत झाकणभर अँटिसेप्टिक टाकून धुते. काकू म्हणते तांदळाचं धुवण पी. आई म्हणते बाळंतपणात आबाळ झाली त्याचं आहे (धाकटा आता सहावीत आहे, काय बोलणार).

वहिनी 36 वर्षांची. डॉक्टरकडे चल म्हटलं तर एकच उत्तर, गावातला डॉक्टर तुमच्या दादाचा वर्गमित्र आहे, त्याला हे कसं सांगू. दादाला तर अजून माहीतच नाही. मी 8 तारखेला पुण्याला परत जाणार. एवढ्यात काय काय करता येईल? कुणाला असा अनुभव आहे का, कोणत्या तपासण्या सांगतात, आणि मुख्य म्हणजे तिला तयार कसं करू?

कळण्याची_भाकरी | 3 मे, सकाळी 6:40

बाकीचं नंतर लिहिते, ते अँटिसेप्टिकचं पाणी आजच बंद कर. आजच.

रावेरची_लेक | 3 मे, सकाळी 8:15

अगं ही सेम माझी स्टोरी, फक्त माझं दोन वर्षं चाललं. आमच्याकडे केळीच्या बागा, घड उतरवायचे दिवस असले की सकाळी सहाला जी ओली साडी अंगावर चढते ती संध्याकाळपर्यंत, बागेत ठिबकचं पाणी, वरून घाम, आणि बाईमाणसाला शेतात जायला जागा नाही म्हणून दिवसभर पाणी प्यायचं नाही. मला आधी वाटलं ओल्यानेच होतंय. थोडं त्याचंही असेल. पण मी काय केलं, मैत्रिणीने सांगितलेली गोळी खाल्ली, मग जाऊबाईंनी सांगितलेली, मग यूट्यूबवर बघून लसणाची पाकळी. हो, तीच. कुठे ते विचारू नका. आठवलं तरी डोळ्यात पाणी येतं.

शेवटी भुसावळला एका बाई डॉक्टरकडे गेले. त्यांनी आधी विचारलं वास येतो का. मी म्हटलं हो, माशासारखा, आणि नवऱ्याजवळ गेल्यावर जास्त. त्या म्हणाल्या मग हे तुम्ही समजताय ते नाहीच. दोन वर्षं मी बुरशीची औषधं घेत होते आणि मला बुरशी नव्हतीच! सात दिवसांच्या गोळ्यांनी बरी झाले. सात दिवस! दोन वर्षांचं दुखणं. मला रडावं की हसावं कळेना.

बट्टी_तूप | 3 मे, सकाळी 9:02

उष्णतेचंच असेल हो. 44 डिग्रीत दोन टाईम शेवभाजी आणि वरून हिरव्या मिरचीचा ठेचा, दुसरं काय होणार. सब्जा प्या, गुलकंद खा.

कळण्याची_भाकरी | 3 मे, सकाळी 9:10

दादा, आठ महिने झालेत. मधे हिवाळा येऊन गेला.

बट्टी_तूप | 3 मे, सकाळी 9:11

बरं मी वाचतो फक्त.

मिरचीची_आई | 3 मे, सकाळी 10:30

नंदुरबारहून. बट्टी_तूप, तुम्हाला हसत नाहीये, पण ही उष्णतेची थिअरी लई नुकसान करते. माझ्या सासूबाई प्रत्येक गोष्टीला उष्णता. तोंड आलं उष्णता, डोळे आले उष्णता, पांढरं जातंय उष्णता, एकदा सूनबाई चिडली तेव्हापण उष्णताच. मग बाई गपचूप सब्जा पीत बसते आणि वर्ष जातं. दुसरी गंमत म्हणजे "पांढरं गेलं की हाडं झिजतात". माझ्या आज्जीचा ठाम विश्वास होता की हाडातलं सत्व वितळून जातं म्हणून कंबर दुखते. मी पण बारावीपर्यंत खरं मानत होते.

पांढरा_कोट_धुळे | 3 मे, दुपारी 2:47

स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, धुळ्याला. ओपीडी संपली म्हणून सविस्तर लिहिते. न तपासता निदान सांगत नाही, फक्त समजून घ्यायला.

आधी एक, थोडं पांढरं जाणं हे दुखणं नाही. पाळीच्या मधल्या दिवसांत अंड्याच्या पांढऱ्या भागासारखं तार येणारं जातं, गरोदरपणात जास्त जातं. खाज नाही, वास नाही, आग नाही तर काही करायचं नसतं. आणि हाडं वितळत नाहीत. मिरचीची_आई, तुमच्या आज्जींसारख्या रोज चार तरी येतात, आणि त्यांची कंबर खरंच दुखत असते, फक्त कारण वेगळं असतं. रक्त कमी, नाहीतर काम जास्त.

आता रोग. योनीत मुळातच चांगले जंतू राहतात, लॅक्टोबॅसिलस, ते आम्ल तयार करतात, तिथला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) साधारण 3.8 ते 4.5 असतो आणि त्या आंबटपणात बाकीच्या जंतूंचं फावत नाही. साबण, अँटिसेप्टिक, तुरटी, आत पाणी मारून धुणं, ह्या सगळ्याने आपण आपलाच पहारेकरी मारतो. म्हणून कळण्याची_भाकरी यांनी पहिल्याच ओळीत जे लिहिलं त्याला माझं पूर्ण अनुमोदन. योनी आतून स्वतःच साफ होते. बाहेरून साधं पाणी पुरे.

पहारेकरी कमी झाला की मुख्यतः तीनपैकी एक गडबड होते. खाज भयंकर, दह्यासारखं घट्ट, वास फारसा नाही, ती कँडिडा नावाची बुरशी. राखाडी पातळ, माशासारखा वास, खाज कमी, तो बॅक्टेरियल व्हजायनोसिस, आम्ही बीव्ही म्हणतो, रावेरच्या ताईंना बहुतेक तोच. आणि पिवळं-हिरवट, फेसाळ, आग आणि वास दोन्ही, तर ट्रायकोमोनास, हा संबंधातून येतो. आता मेख अशी की पुस्तकात हे वेगळे दिसतात, बाईत एकत्रही असतात, आणि नुसतं ऐकून माझाही अंदाज चुकतो. म्हणून बघावं लागतं. बघणं म्हणजे काय तर पाच मिनिटं. स्पेक्युलम (आतलं दिसावं म्हणून लावायचं साधन) लावून पाहणं, पीएचचा कागद टेकवणं, स्राव काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली. बुरशीत पीएच सहसा नॉर्मल राहतो, बाकी दोघांत 4.5 च्या वर जातो. एवढ्या स्वस्त कागदाने अर्धं निदान होतं.

औषधं तिघांची वेगळी. बुरशीला क्लोट्रिमाझोलची आत ठेवायची गोळी किंवा फ्लुकोनाझोल 150 ची एक गोळी (गरोदर असाल तर ही तोंडाने घ्यायची नाही). बीव्ही आणि ट्रायकोला मेट्रोनिडाझोल, सात दिवस. बुरशीवर मेट्रोनिडाझोल देऊन उपयोग नाही, आणि उलटही नाही.

तापीकाठची, तुमच्या वहिनींचं वर्णन बुरशीसारखं वाटतंय, पण आठ महिने पुन्हा पुन्हा येतंय म्हणजे मागे काहीतरी आहे. माझा पहिला प्रश्न, शुगर तपासली का? त्यांच्या माहेरी कुणाला मधुमेह? दुसरा, त्या ट्यूबवर काय लिहिलंय त्याचा फोटो काढून घटक वाचा. पोटात खाली दुखत असेल, ताप असेल, पाळी नसताना किंवा संबंधानंतर रक्त जात असेल तर 8 तारखेची वाट बघू नका.

तापीकाठची | 3 मे, दुपारी 4:20

डॉक्टर ताई काय बोलू, खूप आभार. ताप वगैरे नाही. ट्यूब बघितली. क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफाईन असं लिहिलंय. वहिनीची आई शुगरची पेशंट होती, पायाचं बोट कापावं लागलं होतं. हे मला आत्ता विचारल्यावर कळतंय, लग्नाला 14 वर्षं झाली!

दोंडाईचा_मेडिकल | 3 मे, संध्याकाळी 6:05

मी स्वतः मेडिकल चालवतो त्यामुळे शिव्या खायला तयार आहे. ती ट्यूब म्हणजे आमच्या भाषेत "सगळ्यावर चालणारी". एक स्टिरॉईड, एक अँटिबायोटिक, एक बुरशीचं, एक अजून काहीतरी. स्टिरॉईडमुळे खाज दोन दिवसात गप्प होते, गिऱ्हाईक म्हणतं वा काय ट्यूब आहे, आणि खालून बुरशी वाढत राहते, कातडी पातळ होते. गजकर्णाचं जे झालं, आधी पंधरा दिवसात जायचं आता वर्ष वर्ष जात नाही, त्यात ह्या ट्यूबांचा मोठा वाटा आहे. नियमाने डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाही. पण खरं सांगू का, दहा वर्षांचा पोरगा चिठ्ठी घेऊन येतो, मी त्याला काय विचारणार? कुणाला होतंय, कुठे लावतात, पांढरं जातं का? तोच प्रॉब्लेम आहे. आलीच कधी बाई स्वतः तर दुकानात चार माणसं उभी, ती म्हणते "खाजेची द्या" आणि खाली बघते. मी आता काउंटरवर बायकोला बसवतो दुपारी 2 ते 4. त्या वेळेत किती बायका येतात ते बघून मीच चाट पडलो.

रावेरची_लेक | 3 मे, संध्याकाळी 6:30

भाऊ तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

अमळनेरचा_वैद्य | 3 मे, रात्री 8:10

आयुर्वेदाचा वैद्य आहे. डॉक्टरांशी बहुतेक सहमत, पण तांदळाच्या धुवणाला एवढं हसू नका. श्वेतप्रदरात, म्हणजे पांढरं जाण्यात, ते अनुपान (औषधाबरोबर घ्यायचं) म्हणून पिढ्यान्‌पिढ्या देतात, लोध्र, अशोक वगैरेंबरोबर. फक्त ते पोटात घ्यायचं आहे, आणि तेही प्रकृती बघून. काकूंनी परस्पर सुरू करायचं नाही. तुरटीच्या पाण्याने रोज धुणं, कडुलिंबाचा पाला ठेचून आत ठेवणं, हे आमच्या नावावर खपवलं जातं त्याचा मला राग आहे.

पांढरा_कोट_धुळे | 3 मे, रात्री 8:41

वैद्यबुवा, पोटातून धुवण प्यायला माझी हरकत नाही, त्याने नुकसान नाही. पण त्या भरवशावर आठ महिने काढले तर आहे. तेवढ्यात शुगर पायाच्या बोटापर्यंत पोचते.

अमळनेरचा_वैद्य | 3 मे, रात्री 8:50

हे मान्य. शुगर मी पण आधी बघतो.

माय_मनी | 3 मे, रात्री 9:15

माय वं माय, मना गावले बी असंच शे. लाज धरीसन बसशी त दुखणं वाढी. तुनी वहिनीले उचल आन लई जाय, सांगू नको कोठे जाई राह्यनी.

बट्टी_तूप | 3 मे, रात्री 9:20

मी गप्प होतो पण माय_मनी ची आयडिया एक नंबर. आमच्या हिला दाताच्या डॉक्टरकडे असंच नेलं होतं, आईस्क्रीम सांगून.

चाळीसगाव_एक्सप्रेस | 3 मे, रात्री 10:34

थोडं विषयांतर होईल पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या मावशीला हाच त्रास, पांढरं जाणं आणि कंबरदुखी. वय 33. एका खासगी दवाखान्यात दाखवलं, सोनोग्राफी केली आणि सांगितलं पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. मावशी घाबरली, एक बिघा गहाण टाकून ऑपरेशन केलं. पिशवी गेली. पांढरं जाणं काही गेलं नाही! कारण ते पिशवीतून येतच नव्हतं. आणि चाळिशी यायच्या आत अंगातून वाफा, सांधेदुखी, झोप नाही, बहुतेक अंडाशयपण काढले होते, कागदावर काय लिहिलंय ते कुणी समजावलं नाही. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं गाजलं तेव्हा सरकारला समिती नेमावी लागली, पेपरात वाचून मावशी म्हणाली "मी त ऊस बी तोडला नाही".

म्हणून सांगते, कुणी पांढरं जातं म्हणून पिशवी काढायला सांगितली तर उठायचं आणि दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं.

पांढरा_कोट_धुळे | 3 मे, रात्री 11:02

ह्यावर काय लिहू. योनीदाहावर गर्भाशय काढणं हा उपचार नाही. कुठल्याच पुस्तकात नाही. दुसरं मत घेणं हा तुमचा हक्क आहे, डॉक्टर रागावला तर रागावू दे.

उपकेंद्राची_ताई | 4 मे, सकाळी 7:20

मी आशा म्हणून काम करते, साक्री तालुक्यात. सगळे खासगीचं बोलून राहिले म्हणून लिहिते. जिल्हा रुग्णालयात आणि मेडिकल कॉलेजात "सुरक्षा क्लिनिक" असतं, तिथे हे सगळं फुकट तपासतात, नाव बाहेर जात नाही. पाटीवर गुप्तरोग असं लिहिलेलं नसतं त्यामुळे लाजायचं कारण नाही. नॅकोचे (सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेचे) औषधांचे रंगीत किट येतात, पांढरं जाण्यासाठी हिरवं किट. त्यात सेक्निडाझोल 2 ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल 150, एकदाच घ्यायचं. गरोदर बाईला ते देत नाहीत, तिचं वेगळं असतं.

पण आमची अडचण सांगू? बायका मला लेकराच्या लसीचं विचारतात, खोकल्याचं विचारतात, आणि निघताना उंबऱ्यात चप्पल घालता घालता म्हणतात "ताई, एक सांगायचं व्हतं". मुख्य दुखणं नेहमी उंबऱ्यात निघतं. मी आता उंबऱ्यातच दोन मिनिटं जास्त थांबते.

मिरचीची_आई | 4 मे, सकाळी 7:45

ताई _/\_

जामनेर_जंक्शन | 4 मे, सकाळी 9:30

पुरुष आहे, प्रामाणिक प्रश्न, ट्रोल करू नका. ह्यात नवऱ्याला पण औषध द्यावं लागतं का? की बाईचं बाईला?

कळण्याची_भाकरी | 4 मे, सकाळी 9:41

ट्रोल कशाला, शंभर बायकांनी विचारायचा प्रश्न तुम्ही विचारला.

पांढरा_कोट_धुळे | 4 मे, दुपारी 3:10

जामनेर, रोगावर अवलंबून. ट्रायकोमोनास असेल तर नवऱ्याला द्यायलाच हवं, त्याला काही त्रास नसला तरी, आणि दोघांचा कोर्स संपून आठवडा होईपर्यंत जवळ जायचं नाही. नाहीतर चेंडू ह्या कोर्टातून त्या कोर्टात. बुरशीत सहसा लागत नाही, त्याला स्वतःला लाली-खाज असेल तरच. बीव्हीत इतकी वर्षं आम्ही "नवऱ्याला नको" म्हणायचो, पण 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास आला. कायमचा जोडीदार असलेल्या बायकांत नवऱ्यालाही गोळ्या आणि लावायचं क्रीम दिलं तर तीन महिन्यांत परत होण्याचं प्रमाण 35 टक्के, आणि फक्त बाईला औषध दिलं तर 63. फरक एवढा होता की अभ्यास मधेच थांबवला. म्हणून बीव्ही परत परत येत असेल तर मी आता नवऱ्याला पण बोलावते. येतात का विचारू नका.

हो, आणि मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू नको. नवऱ्यांना गोळ्या द्यायच्या म्हटलं की पहिला प्रश्न हाच असतो.

बट्टी_तूप | 4 मे, दुपारी 3:15

किती दिवस नको? मित्रासाठी विचारतोय.

पांढरा_कोट_धुळे | 4 मे, दुपारी 3:16

मित्राला सांगा, कोर्स संपल्यावर पण तीन दिवस.

पारोळ्याची_पोर | 4 मे, संध्याकाळी 5:50

चड्ड्या कुठे वाळवता ह्यावर पण बोला कुणीतरी. आमच्या घरी दोरीवर पहिली साडी, साडीखाली परकर, परकराखाली ती. पाळीचं कापड तर न्हाणीत पत्र्यामागे, जिथे ऊन सोडा वारा लागत नाही. जळगाव जिल्ह्यात राहतो आपण, फुकटचं एवढं ऊन, आणि आपल्याच कपड्यांना ते मिळत नाही. होस्टेलला आले तेव्हा पहिल्यांदा उघड्यावर वाळत घातल्या, वॉर्डनने बोलावून घेतलं. मी म्हटलं मॅडम, मुलांच्या होस्टेलच्या गच्चीवर जाऊन बघा, तिथे झेंडे लागलेत.

रावेरची_लेक | 4 मे, संध्याकाळी 6:02

झेंडे 😂 मेले मी.

दोंडाईचा_मेडिकल | 4 मे, संध्याकाळी 6:20

सुती वापरा, ओलं अंगावर ठेवू नका, एवढं तर आम्ही पण सांगू शकतो. ते सुगंधी "इंटिमेट वॉश" आमच्याकडे विकायला ठेवलेत, मार्जिन चांगलं आहे, तरी सांगतो नका घेऊ.

गिरणेचं_पाणी | 4 मे, रात्री 10:15

मी समाजकार्य शिकवते. लाजेवरून आठवलं. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली होती, 1989 मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. 92 टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका किती, तर शंभरात आठ. वर्गात दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी तास संपल्यावर दोन-तीन मुली मागे थांबतात. त्या आशाताईंचा उंबरा म्हणतात तसंच.

आणि एक दुसरी बाजू. गोव्यात डॉ. विक्रम पटेल वगैरेंच्या अभ्यासात दिसलं की पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या बऱ्याच बायकांत तपासणीत जंतुसंसर्ग सापडत नाही, पण ताण, उदासी, नवऱ्याचा जाच ह्यांच्याशी तक्रारीचा घट्ट संबंध निघतो. म्हणजे "मला त्रास होतोय" हे सांगायला बाईकडे कधी कधी एवढंच वाक्य असतं. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तर "काही नाही तुला" म्हणून वाटेला लावू नये.

मिरचीची_आई | 4 मे, रात्री 10:40

शेवटचं वाक्य वाचून गप्प बसले. आज्जीची कंबर आठवली.

तापीकाठची | 6 मे, रात्री 9:30

झालं एकदाचं! माय_मनी चा सल्ला मानला. परवा जळगावला फुले मार्केटला साड्या बघायला जातो म्हणून निघालो, काकूने दोन पिशव्या पण दिल्या. एसटीत वहिनीला खरं सांगितलं. धरणगाव जाईपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली "बाई डॉक्टर आहे ना?"

बाई डॉक्टर होत्या. मला बाहेर थांबवलं, पण वहिनीने हात सोडला नाही म्हणून आत घेतलं. त्यांनी आधी ते साधन हातात दाखवलं, हे असं आत जाईल, दुखलं तर थांबवू, कोमट पाण्यातून काढून वापरलं. तो पीएचचा कागद खरंच एवढासा असतो, कागद फारसा बदलला नाही तर त्या लगेच म्हणाल्या बुरशी दिसतेय, काच मायक्रोस्कोपला लावली, तीच निघाली. ट्यूब दाखवली तर कपाळाला हात. आणि बोटातून रक्त घेऊन तिथेच शुगर बघितली, जेवून तीन तास झाले होते, 268. मग लॅबमध्ये तीन महिन्यांची सरासरी, एचबीए1सी, 9.4.

म्हणजे खाज हे पत्र होतं आणि आम्ही आठ महिने पाकीटच खाजवत होतो.

उपचार, क्लोट्रिमाझोलची 100 ची गोळी रात्री झोपताना आत ठेवायची, सात रात्री, पाळी आली तरी सोडायची नाही, बाहेरून साधं क्लोट्रिमाझोल, स्टिरॉईडवाली ट्यूब कचऱ्यात. शुगरच्या गोळ्या सुरू केल्या. बाई म्हणाल्या काही शुगरच्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन वगैरे, लघवीवाटे साखर बाहेर काढतात, त्या चांगल्या असतात पण त्यात ही बुरशी वाढू शकते म्हणून सध्या वेगळ्या दिल्यात. शुगर आटोक्यात नाही आली तर हे परत येणार असं स्पष्ट सांगितलं. तीसच्या पुढे आहात तर गर्भाशयमुखाची ती व्हिनेगर लावून करतात ती तपासणीपण करू म्हणाल्या, खाज बरी झाल्यावर बोलावलंय.

दादाला घरी आल्यावर वहिनीनेच सांगितलं. मी चहा करायच्या निमित्ताने आत गेले. दादा बाहेर येऊन मला म्हणाला "मला का नाही सांगितलं कुणी". एवढंच. मग स्वतः जाऊन मेडिकलमधून आत ठेवायच्या गोळ्यांचं दुसरं पाकीट आणलं, चिठ्ठी न घडी करता.

साड्या पण घेतल्या, काकूला पिशव्या रिकाम्या कशा दाखवणार.

पांढरा_कोट_धुळे | 6 मे, रात्री 10:05

छान केलंत. दादांची पण शुगर बघा, आणि काकूंची. सात रात्रींनंतर खाज गेली तरी एकदा दाखवून या. वर्षात तीन-चारदा परत आलं तर सहा महिने आठवड्याला एक गोळी असा वेगळा कोर्स असतो, तो डॉक्टरच ठरवतील, दोंडाईचा_मेडिकल नव्हे :)

दोंडाईचा_मेडिकल | 6 मे, रात्री 10:12

मी काही बोललोच नाही!

शिरपूरची_सून | 7 मे, सकाळी 8:00

धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. सासूबाई 63 वर्षांच्या, त्यांनाही आग आणि खाज, पण पांढरं काहीच जात नाही, उलट कोरडं. त्या म्हणतात आता ह्या वयात काय दाखवायचं. बुरशीचं क्रीम लावून बघू का?

पांढरा_कोट_धुळे | 7 मे, दुपारी 2:30

नको. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, आतली त्वचा पातळ आणि कोरडी होते, त्यानेच आग होते, लघवीलाही जळजळ. बुरशीच्या क्रीमने फायदा नाही. इस्ट्रोजेनचं क्रीम थोड्या प्रमाणात आत लावायला देतात, चांगला फरक पडतो, पण आधी तपासून, स्तनाचा कॅन्सर वगैरे काही झालं नव्हतं ना ते विचारून. आणि पाळी गेल्यावर रक्ताचा एक डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात आणा. वय काढू नका, माझी सगळ्यात मोठी पेशंट 81 वर्षांची आहे, शहाद्याहून एकटी एसटीने येते.

तापीकाठची | 8 मे, सकाळी 6:50

निघाले पुण्याला. काल चौथी गोळी झाली. रात्री गच्चीवर मला झोप लागेना, कारण वहिनी घोरत होती. काकूची शुगर 190 निघाली, ती म्हणते मशीन खराब आहे.

बट्टी_तूप | 8 मे, सकाळी 7:05

ताई एक शेवटचं. वहिनी शेवभाजी खाऊ शकतात ना?

तापीकाठची | 8 मे, सकाळी 7:09

शेवभाजी थोडी चालते म्हणाल्या. तुमचं नाव मात्र बंद. बट्टी पण आणि तूप पण.